चीफ मयेकरांचं टॅलिन

मयेकरकाका लिफ्टमध्ये शिरले की आधी तिच्या भिंतीवर तळहात टेकवतात आणि डोळे मिटतात. नवीन माणसाला वाटतं, गृहस्थ देवभोळे आहेत. काहीजण आदराने गप्प उभे राहतात. एका चिनी आजींनी तर एकदा त्यांच्याबरोबर हातही जोडले होते. काका मात्र लिफ्टची नाडी बघत असतात. आमचा मजला आला की डोळे उघडतात आणि निकाल सांगतात, "बेअरिंग कुरकुरतंय. फार दिवस नाही काढणार." मग एखाद्या सकाळी लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लागते आणि काका जिन्याने उतरताना कुणाकडेही न बघता गालातल्या गालात हसतात.

आम्ही पुंगोलला त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. काका मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. शेवटची काही वर्षं इथेच सिंगापूरला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात काढून ते निवृत्त झाले. निवृत्त झाले असं कागदावर आहे. प्रत्यक्षात त्यांनी आमचा अख्खा ब्लॉक चालवायला घेतला. त्यात ज्याला त्याला हुद्दे दिले. माझा नवरा मंदार फोर्थ इंजिनिअर, म्हणजे सगळ्यात शिकाऊ. मी सेकंड, म्हणजे चीफच्या खालोखाल. ही बढती मला आमचं वॉशिंग मशीन बिघडलं त्या दिवशी मिळाली. काका मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते आणि मी टॉर्च धरला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "टॉर्च नीट धरता येणारी माणसं जगात फार कमी आहेत. तुला सांगतो, सेकंड, मी जहाजावर यासाठी रडलोय." मंदारला आयटीत इतकी वर्षं घालवून असं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नाही, त्यामुळे तो अजून धुमसतोय.

खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांतला, कॉफीवाला अंकलही त्यांना चीफच म्हणतो. "चीफ आह, माय फॅन मेकिंग नॉइज. यू लिसन, कॅन?" काका कॉफी बाजूला ठेवून पंख्याखाली उभे राहतात. एकदा आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो, तर बाकीचे बोटीतून समुद्र बघत होते आणि काका इंजिनाच्या झाकणाला पाठ टेकून ऐकत होते. उतरताना त्यांनी बोटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "गुड इंजिन. यू लव्ह हर." बोटवाला इतका लाजला की परतीच्या वेळी त्याने आमच्यासाठी बोट थांबवून ठेवली.

मला हा माणूस फार आवडतो, हे इथेच सांगून टाकते. यंत्र असो की माणूस, कुरकुर ऐकली की थांबायचं, ही त्यांची रीत आहे. आपण घाईघाईने पुढे जातो.

काकांचा दुसरा विषय म्हणजे शहरं. जगातल्या कुठल्याही बंदराचं नाव घ्या, काका तिथे जाऊन आलेले असतात. "लिस्बन? अगं, गोड शहर! मधोमध चौक. चौकात ताजा पाव. माणसं सज्जन." "हॅम्बुर्ग? वा! चौक असा, की बघत राहावं. फुलवाल्यांची रांग. एक म्हातारा रोज कबुतरांना दाणे टाकतो." हे ऐकताना सुलभाकाकू, म्हणजे मयेकरकाकू, भाजी निवडत असतात आणि मधूनच म्हणतात, "आणि ते घड्याळाचं चर्च सांगा की." काका ते चर्चही सांगतात. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की काकांच्या सगळ्या शहरांना चौक आहेत, पाव आहे, फुलवाल्या आहेत आणि तो म्हाताराही आहे. मी मनात म्हटलं, असेल बाई. आपण कुठे बघितलंय जग?

मग काकूंनी बाल्टिक समुद्रातल्या क्रूझचं काढलं. काकूंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, त्यामुळे जहाजच बरं, हे खरं होतं. पण काकांनी भलताच विरोध केला. "अलास्काला जाऊ. बर्फ बघ. व्हेल बघ." काकू म्हणाल्या, "मला टॅलिन बघायचंय, एस्टोनियातलं. तुम्ही लग्नानंतर पहिल्याच ट्रिपला गेला होतात ते. तुम्ही सांगितलेला चौक बघायचाय." यावर काकांना एकदम फ्रिजचा आवाज तपासायचं सुचलं. काकूंनी आम्हालाही गळ घातली, आणि आम्ही चौघे निघालो.

क्रूझच्या त्या अवाढव्य बोटीला काका पहिल्या दिवसापासून 'हॉटेल' म्हणत. इंजिनरूम दाखवत नाहीत म्हणून रुसले होते. नाश्त्याला बसले की एक हात खांबाला लावून दुसऱ्या हाताने पोहे शोधत. टॅलिनच्या सकाळी मात्र त्यांनी खांबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मंदारच्या ऑफिसचा काहीतरी खोळंबा झाला होता, तो लॅपटॉप घेऊन केबिनमध्येच राहणार होता. काकू तयार होत होत्या. काकांनी मला डेकच्या एका कोपऱ्यात ओढलं.

"सेकंड, ब्रेकडाउन आहे."

"कुठे?"

"माझ्यात." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मी टॅलिन बघितलेलं नाही."

"पण तुम्ही तर इथे..."

"आलो होतो. पुष्कळदा. पण बघितलेलं नाही. अगं, बंदर लागलं की डेकवरची माणसं फिरायला जातात. इंजिनिअर कुठला जातोय? चालू इंजिनात हात घालता येत नाही, म्हणून सगळी कामं बंदरात. पिस्टन काढा, बॉयलर धुवा, तेल भरा. काम संपलं की जहाज सुटलं. मी लिस्बन बघितलेलं नाही. हॅम्बुर्ग नाही. काही नाही बघितलेलं मी."

मला एकदम तो कबुतरांना दाणे टाकणारा म्हातारा आठवला.

"इतकी वर्षं तिला सांगतोय," काका म्हणाले, "आज तिला कळलं, की नवरा जन्मभर थापा मारत होता, तर मी काय तोंड दाखवू?"

इंजिनाला आग लागली तरी न डगमगणारा माणूस, आणि बायकोला एक चौक दाखवायचा म्हणून गळाठला होता. मी म्हटलं, फोनवर नकाशा आहे, मी दाखवते. पण तसं कसं चालेल? रस्ता काकांना पाठ असायला हवा. मग त्यांनीच तोडगा काढला. मी फोन बघत मागून चालायचं. डावीकडे वळायचं असेल तर एकदा खोकायचं, उजवीकडे असेल तर दोनदा. सरळ असेल तर गप्प राहायचं.

काका बोटीच्या गँगवेवरून खाली धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांच्या पायात सेफ्टी शूज होते. पुढे पोलादी कवच असलेले. "शहरात दगडी रस्ते आहेत," असं त्यांनी काकूंना सांगितलं. हे त्यांनी आदल्या दिवशी माझ्याच फोनवर वाचलं होतं.

सुरुवात बरी झाली. टर्मिनलच्या दारात मी एकदा खोकले, काका ऐटीत डावीकडे वळले. "हे सगळं पूर्वी मोकळं होतं," ते हात हलवून म्हणाले. काकू म्हणाल्या, "हो का?" इतक्यात आमच्या मागून एक धिप्पाड जर्मन आजोबा दोनदा खोकले. काका तत्काळ उजवीकडे वळले आणि थेट बायकांच्या लोकरी टोप्यांच्या दुकानात शिरले. आम्ही मागोमाग. काका टोप्यांच्या मधोमध उभे. त्यांनी जवळची एक टोपी उचलली. मग म्हणाले, "ही टोपी घे सुलभा. इथल्या टोप्या प्रसिद्ध आहेत." काकूंनी टोपी घातली, आरशात पाहिलं, विकत घेतली आणि सिंगापूरच्या उकाड्यात ती कुठे घालणार याचा उच्चारही केला नाही.

बाहेर आल्यावर मी पुन्हा खोकले. काकू थांबल्या. पर्समधून त्यांनी आल्याच्या वड्यांची डबी काढली. सिंगापूरच्या लिटिल इंडियातून आलं आणून त्या स्वतः करतात, आणि चांगल्या मोठ्या करतात. "रेवती, काय हा खोकला! घे, तोंडात धर."

"काकू, मला काही झालेलं..."

"धर म्हणते ना. आणि वडी तोंडात असताना खोकायचं नाही, ठसका लागतो. आता एकही खोकला ऐकायला नको मला." त्यांनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही.

पुढे मोठा रस्ता आला. डाव्या हाताला जुन्या शहराचे मनोरे स्पष्ट दिसत होते. आंधळ्यालाही कळलं असतं कुठे जायचं ते. पण काका मनोऱ्यांकडे बघतच नव्हते. ते माझ्या खोकल्याची वाट बघत उभे होते. सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला. काकांनी एकदा मागे पाहिलं. माझे गाल आल्याने फुगलेले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. काका वळले, आणि मग त्यांचे बूटच चालायला लागले असं म्हटलं पाहिजे. शहराला पाठ करून, बंदराच्या कुंपणाच्या कडेकडेने, झपाझप. गोदामं लागली, जुने रूळ लागले, गंजलेला नांगर लागला. या रस्त्याला कुणी पर्यटक नव्हता. आणि सकाळपासून चाचपडणारे काका इथे एकदाही अडखळले नाहीत.

रस्त्याच्या टोकाला विटांच्या दोन-तीन जुन्या इमारती होत्या. एकीत आता कॉफीचं दुकान होतं, बाहेर टेबलं मांडलेली. तिच्या शेजारी एका वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं आणि आत कुणीतरी बोटीचं इंजिन उघडून बसलं होतं. काकांना ग्रीसचा वास लागला. "एक मिनिट," ते म्हणाले आणि वाकून शटरखालून आत गेले.

काकू एका खुर्चीवर बसल्या. मी वडी गिळली आणि सारवासारव करायला लागले. "काकू, ते रस्ता जरा... इतक्या वर्षांनी सगळं बदललं असेल ना."

"रेवती, पुरे गं," काकू म्हणाल्या. "मला माहिती आहे."

"काय?"

"त्यांनी काही बघितलेलं नाही ते. पहिल्या वर्षीच कळलं मला. कबुतरांना दाणे टाकणारा म्हातारा म्हणे! अगं, तो दादरचा कबुतरखाना. फुलवाल्या दादर स्टेशनबाहेरच्या. चर्चचं घड्याळ तेवढं बहुतेक एखाद्या कॅलेंडरवरचं असावं. आम्ही दोघंही दादरचे. मला नाही ओळखू यायचं?"

मला हसू आवरेना. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या गावांचं दादर करून मला फोनवर सांगायचे. मी पण ऐकायची. पण ते स्वतः कुठे उभे राहून फोन करायचे, ते काही मला दिसायचं नाही. मला ते बघायचं होतं. तू खोकलीस की ते वळतात, हे कळलं, म्हणून तुझा खोकला बंद केला." त्यांनी कुंपण, गोदामं, ते विटांचं बांधकाम सावकाश बघून घेतलं. "रस्ता त्यांचा त्यांना शोधू दिला की इथेच येणार, हे ठाऊक होतं मला."

काका बाहेर आले ते हाताला ग्रीस आणि चेहऱ्यावर आनंद घेऊन. "इंजेक्टर उलटा बसवत होता गाढव," असं काहीतरी म्हणत होते. काकूंनी त्यांना विचारलं, "अहो, फोन इथूनच करायचात ना?"

काका जागच्या जागी थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही सांगितलेलं नाही. मग ते टेबलाजवळ येऊन हळूच बसले. सेफ्टी शूज खुर्चीखाली ओढून घेतले.

"इथूनच," ते म्हणाले. "खलाशांचा क्लब होता. ही इमारत की शेजारची, आता सांगता येत नाही. तेव्हा रशियाचं राज्य होतं. फोनला नंबर लावायचा आणि बसून राहायचं. तुमच्या शेजारी कुलकर्ण्यांकडे फोन लागला. त्यांनी तुला हाक मारली. तू आलीस आणि नुसती रडत होतीस."

"आठवतंय."

"मला काही सुचेना. आदल्या दिवशी माझा हात भाजला होता, ते सांगायचं का? भीती वाटते, झोप लागत नाही, हे सांगायचं का? लाइन कधी कट होईल नेम नाही. तू रडतेयस. म्हणून म्हटलं, सुलभा, इथे एक चौक आहे. तर तू रडायची थांबलीस. म्हणालीस, कसला चौक?" काकांनी ग्रीसचा हात रुमालाला पुसला. "मग प्रत्येक बंदरात मला चौक लागायला लागला. माफ कर."

"माफ कसलं करायचं?" काकू म्हणाल्या. "तेवढ्यावर तर मी दिवस काढले." त्यांनी काकांचा हात हातात घेतला, उलटा केला आणि मनगटावर एक जुना डाग होता त्यावर बोट ठेवलं. "हाच ना? तुम्ही मला सांगितलं होतंत, लहानपणी दूध सांडलं म्हणून."

काकांनी मान डोलावली. वर्कशॉपातून हातोडीचे आवाज येत होते, आणि त्यांनी तिकडे कानही दिला नाही.

कॉफी झाली. बोट सुटायला भरपूर अवकाश होता. काकू एकदम म्हणाल्या, "अहो, तुम्ही जाऊन या."

"कुठे?"

"शहरात. शोअर लीव्ह, किनाऱ्यावर उतरायची रजा दिली तुम्हाला. माझे गुडघे आता इतके चालणार नाहीत, मी बसते इथे. तुम्ही चौक बघून या. खरा बघा एकदा. रेवती, तू जा बरोबर, नाहीतर वाटेत आणखी एखाद्या वर्कशॉपात शिरतील."

काका नको नको म्हणत होते, पण काकूंनी त्यांना उठवलंच. आम्ही आलो त्या वाटेने परत फिरलो, जुन्या वेशीतून आत शिरलो, दगडी गल्ल्या चढलो. आणि मग गल्ली संपली आणि समोर एकदम चौक उघडला.

चौक मोठा होता. खरोखर देखणा होता. एका बाजूला नगरभवनाचा उंच निमुळता मनोरा, भोवती पिवळी, गुलाबी घरं, छत्र्यांखाली जेवणारी माणसं. कुठूनतरी भाजलेल्या बदामांचा वास येत होता. काका अगदी मध्यावर जाऊन उभे राहिले. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलासारखे त्यांनी दोन्ही हात मागे धरले होते. सगळीकडे सावकाश पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नंतर खिशातून फोन काढला आणि काकूंना लावला. कानाला धरायची त्यांना सवय नाही, त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"पोहोचलात?" काकूंचा आवाज आला.

"पोहोचलो."

"मग? काय काय आहे? सांगा की."

काकांनी तोंड उघडलं. त्यांनी न बघितलेली शहरं मी त्यांच्या तोंडून तासन्‌तास ऐकली आहेत, पण खऱ्या चौकात उभं राहून त्यांना एक वाक्य जुळवता येईना. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, छत्र्यांकडे पाहिलं.

"अहो? ऐकू येतंय ना? काय आहे तिथे?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "तू नाहीस."

मला वाटलं, लाइन गेली. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी फोन घाईघाईने डोळ्यांसमोर धरला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा तिथेच," काकू म्हणाल्या. "मी येते."

"कशी येशील? गुडघे..."

"टॅक्सीने. तुम्ही बोटीवर असताना सगळं घर एकटीने चालवलंय मी, एक टॅक्सी नाही जमणार मला? मुंबईहून येता येत नव्हतं, इथून येता येतं. हलू नका जागचे."

फोन बंद झाला. काकांनी तो माझ्या हातात दिला. मग नुकतंच लग्न झालेल्या माणसासारखी कॉलर नीट केली, पाठ सरळ केली आणि गाड्या ज्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबत होत्या तिकडे तोंड करून ते उभे राहिले.